कोंदोलीचा फाटा

“आणि गाडी अर्थातच ताई चालवेल!”

बाद्रीने नकाशावर लाल पेन्सिलीने शेवटचा गोल काढला, पेन्सिल कानामागे खोचली आणि एखादा गड सर केल्यासारखा तो खुर्चीत मागे रेलला. मकवालाच्या हातात त्या क्षणी उकळत्या चहाची किटली होती. ती तिने टेबलावर अशी आदळली की त्बिलिसीपासून सिघनाघीपर्यंतचा सगळा रस्ता भिजून चिंब झाला!

“अगं, नकाशा!” बाद्री ओरडला.

“नकाशा वाळेल...” ती म्हणाली. “मला कुणी विचारलं?”

विचारायचं काय त्यात? पोलंडहून परत आल्यापासून बाद्रीने दर ऑक्टोबरात, द्राक्षांच्या तोडणीच्या दिवसांत, सगळं घर गाडीत घालून काखेतीच्या मळ्यांच्या मुलुखात न्यायचा शिरस्ताच पाडला होता. त्यातली कामं केव्हाच वाटली गेली होती. बाद्रीकडे बेत आखणं, जेवणाचे थांबे ठरवणं आणि प्रत्येक थांब्यावर तामादा होऊन टेबलाच्या टोकाला बसणं, म्हणजे सगळे प्याले कुणाच्या नावाने आणि कोणत्या शब्दांत उचलायचे ते ठरवणं. त्याची बायको इर्मा हिच्याकडे फोटो. म्हाताऱ्या आईकडे, लामाराबाईंकडे, आशीर्वाद. आणि मकवालाकडे घाट, वळणं, पार्किंग आणि कोरडा घसा! चालवणाऱ्याने थेंबसुद्धा घ्यायचा नाही, हा कायदा. आणि ज्याच्या हातात वाइन नाही त्याने टेबलावर शब्द उच्चारायचा नाही, ही त्या मातीची रीत. लेमोनेडचा पेला उंचावून कुणाचं नाव घेणं म्हणजे त्या माणसाची थट्टाच. त्यामुळे झालं असं, की घरातली सगळ्यांत थोरली लेक दर वर्षी मेजवानीला हजर असे आणि दर वर्षी मुकी असे.

“या वर्षी भाड्याचा ड्रायव्हर घे,” ती म्हणाली. “आणि एक थांबा माझा. कोंदोली.”

कानामागची पेन्सिल काढायला गेलेला बाद्रीचा हात तिथेच थबकला.

“तिथला रस्ता खराब आहे.”

“रस्ता गेल्या वर्षी नवा झाला.”

“आणि तिथे आहे कोण आता?”

“बाबा आहेत!”

लामाराबाईंनी जपमाळ मुठीत आवळली. इर्माने घाईघाईने चहा पुसायला घेतला आणि, जिला सगळ्यांचं बरं व्हावंसं वाटतं आणि म्हणूनच जी नेमकं नको ते बोलते, अशा बाईच्या गोड आवाजात ती म्हणाली, “वन्सं, अहो, भाड्याचा ड्रायव्हर परका पडतो. आणि तुम्हाला तरी काय फरक पडतो? तुम्हाला वाइन आवडतच नाही ना?”

आवडतच नाही!... मकवालाने तिच्याकडे पाहिलं. शाल्वाची पोर ती, जिने चालायला शिकण्याआधी बापाच्या बोटावरचा द्राक्षरस चाटला, मातीत पुरलेल्या कुंभातली वाइन नुसत्या वासावरून ओळखायला जिला बापाने शिकवलं, तिला वाइन आवडत नाही! एखाद्याला रोज उपाशी ठेवावं आणि मग म्हणावं, याला भूकच लागत नाही, तशातली गत. गाडीची किल्ली खुंटीवरून काढून तिने पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन अशी ओढली की ती तुटली.

तिच्या अंतःकरणात जी ठिणगी वर्षानुवर्षं धुमसत होती ती नुसत्या कोरड्या घशाची नव्हती. आठ वर्षांपूर्वी, कोंदोलीच्या घरच्या अंगणात, तोडणीच्या मेजवानीत बाद्रीने सांगितलं होतं की मी मळा बघणार नाही, मी पोलंडला चाललो. शाल्वा उठला. शिंगाच्या प्याल्यात काठोकाठ वाइन भरून सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणाला, “ज्या हाताने माझी वेल सोडली, त्या हाताची माती माझ्या कबरीवर पडू नये!” आणि प्याला तळापर्यंत रिता केला. पुढे तीन वर्षांनी, ऐन दुपारी, खिडकीतून मळ्याकडे बघत अंथरुणाला खिळलेल्या त्याच शाल्वाने मकवालाचं मनगट धरलं होतं. “पोरी, तो शब्द मी मागे घेतो. पण भरल्या प्याल्यावर बोललेलं फोनवर मागे घेता येत नाही. टेबलावरच घ्यावं लागतं, सगळ्यांसमोर. मी नसेन. माझ्या वतीने तू प्याला उचल...”

आणि बाद्री बापाच्या मातीलाच आला नाही! फोनवर म्हणाला, सुट्टी मिळाली नाही. सुट्टी!... त्या दिवशी मकवालाने बापाचा शब्द गिळला तो गिळलाच. खरं सांगायचं तर स्टिअरिंगला तिला कुणी साखळीने बांधलं नव्हतं. कोणत्याही वर्षी ती किल्ली फेकू शकली असती. पण माणसाचा राग मोठा मानी असतो. त्याने एकदा, फक्त एकदा विचारावं, ताई, बाबा जाताना काय म्हणाले? एवढीच तिची अपेक्षा होती. त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही, आणि मधल्या मध्ये मेलेल्या माणसाचा शब्द तिष्ठत राहिला.

शनिवारी सकाळी गाडी गोंबोरीचा घाट चढू लागली तेव्हा सगळं रान तांबड्या-पिवळ्या पानांनी पेटलेलं होतं आणि चालवणारीही. पुढच्या सीटवर इर्माचे वडील नोदारी बसले होते. बातुमीच्या समुद्रकाठचा गप्पिष्ट म्हातारा. पहिल्यांदाच लेकीच्या सासरच्यांबरोबर आला होता.

“मकवालाबाई, जरा हळू. मला डोंगर बघायचेत, वरून उडायचं नाहीये.”

“भीती वाटते का?”

“वाटते तर! तुम्ही गिअर असा टाकताय, जणू कुणाचा तरी गळा आहे.”

“आहेच,” ती म्हणाली.

मागे बाद्री मोठ्याने गात होता. घाट उतरला, तेलावी मागे पडलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या पाट्या भरलेल्या ट्रॉल्या दिसू लागल्या. आणि मग अक्रोडाचं ते जुनं झाड आलं, कोंदोलीच्या फाट्यावरचं. मागचं गाणं तुटलं. मकवालाने वेग कमी केला. उजवीकडे वळायचा दिवा लावला.

“सरळ, ताई.”

“बाद्री...”

“सरळ म्हटलं ना!” तो एवढ्या जोरात ओरडला की लामाराबाई दचकल्या. आरशात तिला दिसलं, त्याने दोन्ही हात कोटाच्या खिशात खुपसले होते आणि मान खाली घातली होती. लाज नाही वाटत!... तिने दिवा बंद केला. गाडी सरळ गेली.

पहिला थांबा थिनाच्या मळ्यात होता. थिना ही विधवा बाई एकटीने मळा सांभाळायची आणि तोडणीच्या दिवसांत वाटसरूंना जेवू घालायची. अंगणात वेलींच्या काटक्यांवर मांसाच्या सळया चुरचुरत होत्या; टेबलावर गरम शोती रोटी, अक्रोडाचं सारण भरलेली वांगी, चीज, कोथिंबिरीच्या जुड्या. मध्ये मातीच्या सुरईत मधाच्या रंगाची वाइन. आणि मकवालासमोर, न मागता, हिरव्या लेमोनेडची बाटली.

बाद्री खुलला. देवाच्या नावाने प्याला झाला, शांततेचा झाला. मग सगळे उभे राहिले, कारण तिसरा प्याला गेलेल्यांचा होता.

“जे जे आपल्यातून गेले,” बाद्री नजर वर न उचलता भरभर म्हणाला, “त्या सगळ्यांच्या आठवणीला!”

प्याले रिते झाले. रोटीच्या तुकड्यावर वाइनचे थेंब पडले. लेमोनेडवाली तेवढी हात बांधून उभी होती. नोदारींनी मिशा पुसल्या आणि अगदी भाबडेपणाने विचारलं, “जावईबापू, तुमच्या वडिलांचं नाव काय हो? लग्नातही ऐकलं नाही, आजही राहून गेलं.”

इर्मा वांग्यांची ताटली उगाच इकडची तिकडे सरकवू लागली.

“पुढचा प्याला...” बाद्रीने सुरई उचलली, “पुढचा प्याला पाहुण्यांचा...”

“शाल्वा!” मकवालाने टेबलावर मूठ आपटली. हिरवी बाटली कलंडली आणि घरंगळत जाऊन जमिनीवर फुटली. “शाल्वा नाव होतं त्यांचं! सांगायला जीभ झडली का तुझी? तीन वर्षं काखेतीभर आम्हाला फिरवतोस, गल्लोगल्ली प्याले उचलतोस, सासरच्यांचे, शेजाऱ्यांचे, कुणाच्या कुत्र्याचासुद्धा उचललास गेल्या वर्षी! आणि ज्याने तुला प्याला धरायला शिकवलं त्याचं नाव नाही! मातीला आला नाहीस... सुट्टी नव्हती तुला! बापाच्या मरणाला सुट्टी नव्हती!”

“ताई, बस कर...”

“नाही बसणार! तीन वर्षं बसलेच आहे, तुमच्या गाडीत!”

“मला हक्क नाही त्या नावाचा!” बाद्री ओरडला. चेहरा पांढराफटक पडला होता. “सगळ्यांसमोर बोलले ना ते? तू ऐकलंस ना? मग मी काय तोंडाने... मी आलो होतो, ताई!”

“काय?”

“मातीला आलो होतो मी. विमानतळावरून थेट निघालो. फाट्यापर्यंत आलो. चर्चची घंटा ऐकू येत होती... पाय पुढे पडेना. त्या अक्रोडाखाली उभा राहिलो. हात खिशात घालून... चुकून कुठली माती हाताला लागू नये म्हणून!... तुम्ही सगळे परतलात तोवर तिथेच होतो. मग मागच्या मागे परत गेलो.” “सुट्टीचं खोटं सांगितलं. खरं काय सांगू? की बापाने मला हाकललंय?”

खिशातले हात!... मघाशी आरशात पाहिलेले! एवढी वर्षं ज्या रागावर मकवाला जगली होती तो पायांखालच्या फळीसारखा निसटला. पण राग असा कुठे जातो? तो फिरला आणि तिच्यावरच चालून आला.

“मूर्खा!” ती किंचाळली. “आणि मी त्याहून मूर्ख!”

तिने नोदारींच्या हातातला प्याला ओढून घेतला, भावाच्या हातातून सुरई हिसकावली आणि वाइन काठोकाठ ओतली.

“वन्सं!” इर्मा धडपडून उठली. “गाडी!... आपण सगळ्यांनी घेतलीय! अजून गुर्जानी राहिलंय, सिघनाघी राहिलंय...”

“गाडी गेली खड्ड्यात!” मकवालाने प्याला उंच धरला. वाइन मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. “ऐका सगळे! हे मी माझ्या तोंडाने बोलत नाही. शाल्वाने सांगितलंय, जाताना, शुद्धीवर असताना, माझा हात धरून. म्हणाले, बाद्रीला जो शब्द मी टेबलावर टाकला तो टेबलावर मागे घेतो. माझ्या कबरीवर माझ्या लेकाच्या हातची माती पडू दे... पाच वर्षं हे मी घशात अडकवून ठेवलं! तू विचारलं नाहीस म्हणून! तू आला नाहीस म्हणून!... बाबा, हा तुमचा प्याला. उशीर झाला. क्षमा करा.”

आणि एका दमात, डोळे मिटून, ती तळापर्यंत प्यायली. ती मधाळ, किंचित तुरट चव जिभेवर उतरली आणि कोंदोलीचं सगळं अंगण तिच्या गळ्यातून हुंदका होऊन वर आलं.

बाद्री मटकन खाली बसला. टेबलावर डोकं टेकून, लहान पोरासारखा, भर दिवसा, सासऱ्यासमोर रडू लागला. लामाराबाई काठी टेकत उठल्या. दोघांच्यामध्ये जाऊन उभ्या राहिल्या. कुणाला जवळ घेतील असं वाटलं, पण त्यांनी काठी जमिनीवर आपटली.

“माझ्या नवऱ्याचा निरोप,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही दोघांनी तो कुलपात ठेवला, कोण आधी नमतं ते बघायला! मी रोज रात्री त्याच्यासाठी भांडत होते देवाशी, की माझं पोर शापाखाली आहे, सोडव... लाज वाटू द्या!”

दोघांनीही मान खाली घातली. नोदारी हळूच म्हणाले, “मी नुसतं नाव विचारलं होतं.”

आता गाडी चालवायला कुणीच उरलं नव्हतं. लाल पेन्सिलीचे उरलेले दोन गोल नकाशावर तसेच वाळत पडले होते. तेवढ्यात सळया उलटवणारी थिना अ‍ॅप्रनला हात पुसत पुढे आली. “तोडणी चालू असताना मी काही घेत नाही,” ती म्हणाली. “ट्रॅक्टर उभा आहे. कोंदोलीच्या शाल्वाला इथे कोण ओळखत नाही? तिकडेच जायचंय ना? मग अशी तोंडं काय बघताय एकमेकांची? चढा!”

ट्रॉलीत रिकाम्या पाट्या होत्या. त्यांतली एक पालथी घालून लामाराबाईंना सिंहासनासारखं बसवलं. रोट्या, मांस, चीज थिनाने फडक्यात बांधून दिलं, सुरई नोदारींनी पोटाशी धरली. इर्माचे उंच टाचांचे बूट तिच्या हातात होते आणि फोटो काढायचं तिला भानच नव्हतं. अक्रोडाच्या झाडाशी ट्रॅक्टर वळला, तेव्हा कुणीही ‘सरळ’ म्हणालं नाही.

शाल्वाची कबर मळ्याच्या वरच्या अंगाला होती. शेजारी, तिथल्या सगळ्याच कबरींशेजारी असतं तसं, दगडी टेबल आणि बाक. बाद्री गुडघ्यांवर बसला. पण हात खिशातून निघेनात.

“काढ,” मकवाला म्हणाली.

“ताई, मला...”

“काढ म्हणते ना!” तिने त्याची दोन्ही मनगटं पकडली, बाहेर ओढली आणि शेजारच्या नुकत्याच नांगरलेल्या सरीच्या मातीत मनगटापर्यंत दाबली. “घे! उचल! आणि घाल! ऐकतोस का? तुझ्या बापाची आज्ञा आहे!”

त्याने ओंजळभर माती उचलली. कबरीवर घातली. मग पुन्हा. मग पुन्हा... शेवटी लामाराबाईंनीच त्याच्या केसांवर हात ठेवला. “पुरे, राजा. त्याला श्वास घेऊ दे.”

दगडी टेबलावर फडकं पसरलं गेलं. बाद्रीच्या खिशातला फोन वाजू लागला. गुर्जानीचा हॉटेलवाला होता, टेबल लावून वाट बघणारा. मातीने भरलेल्या बोटांनी बाद्रीने तो कानाला लावला. “नाही हो, नाही येत... आमचं जेवण सुरू झालं. घरी.”

मग त्याने मकवालाच्या तुटक्या चेनच्या पर्समधून किल्ली काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली. “उद्या सकाळी मी चालवणार. पुढच्या वर्षीही मीच.”

“माझा राग गेलेला नाही, कळलं?” ती डोळे पुसत म्हणाली. “एवढ्यात जायचाही नाही.”

“नको जाऊ दे.” त्याने पहिला प्याला भरला. “शाल्वाच्या आठवणीला,” तो म्हणाला, सावकाश, एकेक अक्षर उच्चारत. आणि पिऊन झाल्यावर त्या मातीच्या रीतीप्रमाणे पुढचा शब्द ज्याच्या स्वाधीन करायचा त्याच्याकडे वळला. “अलावेर्दी, ताई. बोल. आज तामादा तू.”

मकवाला उठली. तिच्या हातात भरलेला प्याला होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच सगळं टेबल तिच्या तोंडाकडे बघत होतं. तिने एकेकाकडे पाहिलं. भावाकडे, भावजयीकडे, आईकडे. घसा खाकरला.

“मी अगदी सुरुवातीपासून सांगणार आहे,” ती म्हणाली. “पहिल्या वर्षापासून. प्रत्येकाला.”

नोदारींनी बाकावर टेकून पाय सैल सोडले आणि रोटीचा मोठा तुकडा तोडून घेतला. “बसून घ्या सगळे,” ते म्हणाले. “बाईंकडे पुष्कळ साठलंय.”