प्रत्येक घोटानंतर ब्रश

लोक म्हणे पहिल्या भेटीत डोळे बघतात. आमच्या डॉक्टरीणबाईंनी दात बघितले! काय करणार, खोड ती खोडच.

झालं असं, की लिफ्टचं दार बंद होता होता आधी एक हात आत आला, मग बाटल्यांचा क्रेट आणि त्यामागून एक हसरा चेहरा.

"सॉरी हं… कितवा मजला?"

"तिसरा," ती म्हणाली. पण लक्ष सगळं त्याच्या समोरच्या दोन दातांकडे. कडा इतक्या झिजलेल्या, की काचेसारख्या आरपार दिसत होत्या. हसू एवढं गोड आणि दातांची ही दशा… तिचा जीव नुसता कळवळला.

"घेता एक? नवी चव आहे, अजून बाजारात यायचीय."

"सकाळी सकाळी सोडा?"

"माझं कामच ते. कारखान्यात चव बघतो मी. दिवसभर."

"दिवसभर!" ती ओरडलीच. "अहो, आरशात बघता की नाही कधी?"

"बिनसाखरेचं असतं हो बरंचसं," तो घाईघाईनं म्हणाला.

"साखर नसली म्हणून काय झालं? आम्ल असतंच ना त्यात! दातांवरचं एनॅमल खातं ते. एकदा गेलं की परत येत नाही. आधी वर चला, माझा दवाखाना आहे तिथे."

तो क्रेट सांभाळत मुकाट्यानं मागून निघाला. दवाखान्याच्या काउंटरवर बसलेल्या तिच्या आत्यानं चष्म्यावरून दोघांकडे बघितलं आणि स्वतःशीच हसली. तेव्हापासून तिनं त्याचं नाव ठेवलं सोडावॉटर.

खरी पंचाईत पुढेच झाली. त्याच्याशी बोलायचं तर त्याचं तोंड मोकळं हवं आणि दात बघायचे तर आ वासलेलं! ती विचारायची, "घरी कोण कोण असतं?" तो म्हणायचा, "आं… आं." त्यातून काय डोंबल कळणार? पण खुर्चीत पडल्या पडल्या तो डोळ्यांनी असा हसायचा, की ती तोच दात पुन्हा पुन्हा तपासायची.

आणि पेशंटच्या प्रेमात पडायचं नाही, हा तर तिचा पक्का नियम. दातांवर लेप लावताना ती स्वतःला बजावायची, दात बघ बाई, फक्त दात बघ.

"घोट तोंडात घोळवत बसू नका," ती दटावायची. "चव कळली की थुंकून टाका, साध्या पाण्यानं खळखळून चूळ भरा. आणि दातांची जरा काळजी घ्या."

"घेतो ना, डॉक्टर. तुम्ही सांगायचं आणि मी ऐकायचं नाही, असं होईल का?"

पुढच्या खेपेला तिनं दिवा त्याच्या तोंडावर ओढला आणि बघतच राहिली. दात आधीपेक्षा वाईट! हिरडीजवळ तर चक्क खाचा पडल्या होत्या. हे असंच चाललं तर समोरचे दोन्ही दात जायचे. 

"काय केलंत हे? थुंकत नाही का?"

"थुंकतो! देवाशप्पथ थुंकतो. चूळही भरतो. आणि वर…" त्यानं मोठ्या अभिमानानं खिशातून ब्रश काढला. ब्रशचे केस पार फिस्कारलेले. "प्रत्येक घोटानंतर लगेच दात घासतो. जोर लावून!"

तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"लगेच? अहो, सोड्यानं एनॅमल मऊ पडतं! ओल्या गिलाव्यावर खराटा मारतं का कुणी? अर्धा तास तरी थांबायचं, तोवर नुसत्या पाण्यानं चूळ भरायची. घासायला सांगितलं कुणी तुम्हाला?"

"कुणी नाही," तो हळूच म्हणाला. "पण… तुम्ही इतक्या जवळून बघता. वाटलं, तुमच्यासमोर तोंड उघडावं तर ते स्वच्छ असावं. तुम्हाला जरा… बरं वाटावं."

आता यावर चिडायचं तरी कसं? पण ती चिडलीच. याच्यावर, त्या ब्रशवर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. माझ्यापायीच हा वेडा दात घालवून बसणार!

"उद्यापासून माझ्याकडे यायचं नाही," ती म्हणाली.

त्याचं तोंड एवढंसं झालं. "एवढा राग आला?"

"आलाय! समोरच्या इमारतीत माझी मैत्रीण आहे, दातांचीच डॉक्टर. हात चांगला आहे तिचा. यापुढे दात तिला दाखवायचे."

"आणि तुम्ही?"

"मी नाही बघणार."

तो उठला. गळ्यातला कागदी रुमाल काढायचंही त्याला सुचलं नाही. दारापर्यंत गेला, थबकला… "डॉक्टर, एवढंच सांगा, माझं चुकलं कुठे? सांगाल ते केलं असतं मी. कारखान्यात दुसरं कामसुद्धा मागितलंय. सोमवारपासून मिळतंय."

"तेच तर!" तिचा आवाज चिरकला. "असा खुर्चीत आ वासून बसतोस आणि माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. काय बघू मी, दात की तुला? आणि पेशंटबरोबर मी फिरायला जात नाही, कळलं? म्हणून तू माझा पेशंट नकोस मला!"

त्यानं गळ्यातला कागदी रुमाल काढला आणि दारातून परत आत आला. 

बाहेरून आत्याचा आवाज आला, "अगं ठमे, लावला मी फोन तुझ्या मैत्रिणीला! उद्यापासून हा तिचा पेशंट. आता दार लावून घ्या, नाहीतर सगळा दवाखाना ऐकतोय!"

तो हसला. झिजलेले दोन्ही दात दाखवत, मनापासून हसला. आणि आमच्या डॉक्टरीणबाईंनी तेव्हा पहिल्यांदा त्याचे दात बघितलेच नाहीत.