म्हाळसाबाईच्या रेकॉर्डची मागली बाजू

शहाण्णव साली शिरूरच्या एसटी स्टँडमागं रशीदचं दुकान होतं. लोक गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट आणून द्यायचे, रशीद जुन्या रेकॉर्डवरून ती भरून द्यायचा. लग्नसराईत हाच रशीद कर्णे बांधून मंडपात बसायचा आणि 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन बोहल्याजवळ यावं' हे असल्या गोड आवाजात सांगायचा, की ज्यांना भाचीच नाही असे मामासुद्धा उठून उभे राहायचे. ह्यात पदरचं थोडं आहे, पण थोडंच. सांगायचं एवढंच की रशीदचं घर त्याच्या गळ्यावर चालायचं.

त्याला एक खूळ होतं. लहान रेकॉर्डला दोन बाजू. पुढं चालणारं गाणं, मागं जागा भरायला घातलेलं काहीतरी. याद्यांमध्ये सगळी पुढचीच गाणी असायची. रशीदचा जीव मात्र मागल्या बाजूंवर. "पुढं माणूस गिऱ्हाइकासाठी गातो, मागं आपल्यासाठी," असं त्याचं म्हणणं. एका मागल्या बाजूला पेटीवाल्याचा सूर चुकतो आणि मग गडी हट्टानं तोच धरून बसतो. दुसऱ्या एकीला ढोलकीवाला कडव्याच्या मधेच हलकेच हसतो. असल्या जागा आल्या की रशीद गुणगुणायला लागे, आणि एकदा लागला की थांबत नसे. "कुकरची शिट्टी परवडली," शाहिस्ता म्हणायची, म्हणजे त्याची बायको, "ती थांबते तरी."

एकच मागली बाजू त्यानं ऐकलेली नव्हती. तमाशातल्या म्हाळसाबाई इनामगावकर ह्यांची. त्याच रेकॉर्डच्या पुढचं हळदीचं गाणं तालुक्यातल्या मांडवामांडवात वाजलेलं. मागल्या बाजूवर मात्र शाकीरभाईंनी, रशीदच्या वडलांनी, जखमेवर लावायची चिकटपट्टी आडवीउभी मारून ठेवली होती. का म्हणून विचारलं तर म्हणत, "पुढची वाजव. पोट भरतं ना?" त्या थंडीत शाकीरभाई वारले आणि रेकॉर्डचा खोका रशीदकडं आला.

मे महिन्यात, भर दुपारी, मांडवगण फराट्याचे बापूसाहेब जीपमधून उतरून दुकानात आले. पन्नाशी उलटलेले, साठ एकरांचे धनी, पण पोरासारखे संकोचून उभे. कोरी कॅसेट टेबलावर ठेवली.

"म्हाळसाबाईची भरून दे. मागली बाजू."

"मागली? बापूसाहेब, ती आब्बांनी बंद करून ठेवलीया."

"तीस वर्षं मागत हुतो त्यांच्याकडं. दिली न्हाई. आता ते न्हाईत, म्हनून तुझ्याकडं आलो."

"पन तीच कशाला?"

बापूसाहेबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आमच्या तुळजाचा आवाज हाय तीत."

तुळजाबाई म्हणजे बापूसाहेबांच्या मंडळी. मुकी बाई, हे सगळ्यांना ठाऊक. जन्माची मुकी नव्हे, हे रशीदला त्या दिवशी कळलं.

"लग्नात तुझे आब्बाच हुते कर्ण्यावर," बापूसाहेब सांगू लागले. "जेवणं झाली, मांडव पेंगला. तेच ते गाणं वाजवून शाकीरभाई कट्टाळले आन् त्यांनी रेकॉर्ड पालथी केली. तुळजा आत बसली हुती. तीबी त्याच्यासंगं गुणगुणली. गाणं सपलं, आन् तिचा आवाज गेला. पुण्याचे डॉक्टर झाले. गळ्यात कायबी खोट न्हाई म्हंत्यात. सकाळी तिनं उखाण्यात माझं नाव घेतलं हुतं, तेवढाच मी ऐकला. आता त्योबी इसरत चाललोय, रशीद."

रशीदनं ह्यातलं काही खरं मानलं नाही. पण खोबरेल तेलाचा बोळा घेऊन चिकटपट्टीचा डिंक पुसताना तो मधेच थांबला. आपण मागल्या बाजूला गप्प बसणारे नव्हे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यानं माठातून दोन तांबे भरले.

"एक घोट घ्या आन् गिळू नका. गाणं सपंस्तवर तोंडात धरायचा."

अशी ती दोन जाणती माणसं गाल फुगवून समोरासमोर बसली. शाहिस्ता दळणाला गेली होती. बाहेर स्टँडवर चिटपाखरू नव्हतं. पंखा बंद केला होता, त्याची घरघर कॅसेटमध्ये येते म्हणून. तापलेल्या मशीनचा आणि खोबरेलाचा वास दुकानात कोंडला होता. रशीदनं सुई टेकवली.

आधी नुसती खरखर. मग ढोलकी नाही, तुणतुणं नाही, म्हाळसाबाईंचा एकटा आवाज, नदीच्या काठावरून हाळी द्यावी तसा...

"पल्याड कोण गं?"

आणि मागं सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांनी लांबून उत्तर दिलं, "आम्ही हाय, आम्ही..."

म्हाळसाबाईंच्या फडात झीलकरी दोन. पुढच्या बाजूला दोनच आहेत, रशीदनं हजारदा ऐकलेलं. इथं चार होते. दोन ते नेहमीचे, एक कुणी म्हातारा, आणि एक कोवळी पोर.

गाणं चांगलं होतं. मोठं वाईट चांगलं होतं. रशीदच्या घशात सूर उकळ्या मारत होते, पाणी नाकातून यायला बघत होतं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. आणि समोर पाहिलं, तर बापूसाहेबांच्या डोळ्यांतून धार लागलेली. त्या पोरीचा आवाज आला की त्यांची मान त्या बाजूला वळत होती.

तिसऱ्या वेळी हाळी आली. बापूसाहेबांनी रशीदकडं पाहिलं, सावकाश पाणी गिळलं, आणि झीलकऱ्यांबरोबर म्हटलं, "आम्ही हाय, आम्ही..."

रशीदनं सुई उचलली, पण ओळ पुरी झाली होती. बापूसाहेबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. नुसता वारा आला. एकदा गळ्याला हात लावून त्यांनी खात्री केली, मग हसले. कॅसेट काढून खिशात घातली, रशीदच्या खांद्यावर थोपटलं आणि जीपमध्ये जाऊन बसले.

तासाभरानं शेजारच्या एसटीडी बूथवाल्यानं हाक मारली. फोनवर बापूसाहेबांची सून होती, सुलक्षणा.

"रशीदभाई, मामंजी निघाले का तिथनं? सासूबाई इचारत्यात."

"इचारत्यात?"

"तोंडानं." तिनं आवाज खाली आणला. "दुपारी एकदम बोलाय लागल्या. समदे रडत्यात हितं. पन रशीदभाई... आवाज त्यांच्या वयाचा न्हाई ओ. अठरा वर्साच्या पोरीचा हाय."

रशीद दुकानात आला. रेकॉर्ड तशीच होती. एक आत गेला की एक बाहेर येतो, असं काही आहे का, हे त्याला बघायचं होतं. ऐकायचंही होतं, खोटं कशाला बोला. दार लोटून त्यानं गालभर पाणी घेतलं आणि सुई टेकवली.

"पल्याड कोण गं?"

चारच होते. पोर नव्हती, तिच्या जागी बापूसाहेबांचा भरदार आवाज. दोघं नेहमीचे. आणि तो म्हातारा. ह्या वेळी रशीदनं त्याच्याकडं कान दिला. तोंडाचं पार बोळकं झालेला माणूस, शब्द हिरड्यांवरून घसरत होते, पण शेवटचा सूर सोडताना तो जरासा खाली लवायचा, मंडपात रशीद मामांना बोहल्याजवळ बोलवायचा तसा.

दुकानामागच्या घरात, पडद्याआड, दळणाचा डबा टेकल्याचा आवाज झाला. शाहिस्ता आली होती.

"अहो," ती आतूनच म्हणाली, "असं म्हाताऱ्यावानी का गाताय?"

रशीदच्या तोंडात पाणी तसंच होतं.

रेकॉर्ड त्यानं त्याच संध्याकाळी फोडली, तुकडे घोड नदीत टाकले. मांडवगणात तुळजाबाई दिवसभर बोलतात आणि बापूसाहेब ऐकत बसतात, दोघांचं उत्तम चाललंय. रशीद दौंडला गेला, आता मोबाइल दुरुस्त करतो. गाण्याचं नाव काढत नाही.

ह्या दिवाळीत भेटला होता. बावन्न वय, काही म्हातारा नव्हे. चहा घेताना सहज हसला, तर वरचे पुढचे दात नव्हते. डॉक्टरांना दाखवलंस का, विचारलं. म्हणाला, दाखवलं. हिरड्यांत कायबी खोट नाही म्हणतात.