साठ गठ्ठे, तीन वाडगे चहा

कुलूप उघडलं, गठ्ठ्यांची पहिली रांग बाहेर काढली, आणि मागे घातलेला हात पोकळीत गेला.

समोरची रास तेवढी उभी होती. दोनशे गठ्ठे हवे होते. मोजले तर एकशे चाळीस. कोणी ओरडलंसुद्धा नाही. उन्हाळ्यातला पाऊस चुकला, खोऱ्यात गवताचं पातं उगवलं नाही, तेव्हापासून इथल्या माणसांचं ओरडणं संपलं होतं.

चार घरांनी मिळून हे गवत शरदात लांब पूर्वेकडून आणलं होतं. तिकडे पाऊस झाला होता. गठ्ठ्यांत रानकांद्याची वाळकी फुलंही अडकलेली होती. पांढऱ्या महिन्याचा, म्हणजे नव्या वर्षाचा, सण होईपर्यंत कोठाराला हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. तोवर गाई गव्हाच्या काडावर. सण झाला, आणि आज कोठार उघडलं होतं.

"किल्ली कुणाकडे?" दोर्लिगने विचारलं. चार घरांचा कारभारी तोच.

"माझ्याकडे," म्हातारा गोंचिग म्हणाला.

"मग झालं. उद्यापासून याचा वाटा बंद."

गोंचिगच्या एकोणतीस गाईंतल्या चार उरल्या होत्या. वाटा बंद म्हणजे त्याही आठ दिवसांच्या सोबती.

चौथ्या घरची यंजमाताई तीस वर्षं गुरांची डॉक्टर होती. ती कोठाराच्या मागे जाऊन आली. भिंत वाळल्या शेणाच्या विटांची; तळाच्या दोन रांगांना लिंपण नव्हतं.

"उद्यापर्यंत थांब, दोर्लिग. मी घरोघर जाऊन येते."

"काय शोधणार, ताई? गठ्ठे कोणी उशाखाली ठेवत नाही."

"चहा पिणार."

गोंचिगने काळा, खारट चहा पुढे केला. "दूध नाही, पोरी. लाज वाटते."

"गाई आटल्या, त्याला तुम्ही काय करणार?"

"मी चोरलं असं वाटतं तुला?"

"मला काहीच वाटत नाही, बाबा. बरेच दिवस झाले."

शेजारच्या मीग्मरकडेही काळाच चहा. "दूध नाही, बायको माहेरी," तो म्हणाला. "पाणी मात्र अस्सल आहे, ताई. बर्फ मी स्वतः फोडलाय."

दोर्लिगच्या घरी त्याची बायको सेव्जिद वाडगा भरताना क्षणभर थांबली. मग भरला. चहा पांढरा होता.

"दूध कुठलं?"

"शरदातलं. गोठवून ठेवलेलं," दोर्लिगच घाईने म्हणाला.

"आणि गाई?"

"सगळ्या आटल्यात."

सेव्जिद पातेल्यात बघत राहिली. यंजमाताईने घोट तोंडात धरला. रानकांद्याचा वास होता. तिने वाडगा रिकामा केला.

सकाळी चारही घरं कोठारापाशी जमली.

"गेल्या उन्हाळ्यात या खोऱ्यात रानकांदा कुणी पाहिला?" तिने विचारलं.

"कांदा?" मीग्मर म्हणाला. "इथे दगडसुद्धा वाळले."

"मग दोर्लिगच्या शरदातल्या दुधाला त्याचा वास कसा? गाय खाते ते दुधात उतरतं. रानकांदा आहे फक्त या गठ्ठ्यांत, आणि कोठार तर काल उघडलं. म्हणजे दूध ताजं आहे, आणि गाय हेच गवत खातेय."

"पण किल्ली..." दोर्लिग म्हणाला.

"किल्ली लागलीच नाही." तिने वाकून तळाची वीट ओढली. ती अलगद हातात आली. "आतून पोकळ केलं, पुढची रास तशीच ठेवली. आणि किल्लीवाल्यावर ढकललं."

दोर्लिग खालीच बसला. "ब्याऐंशी गाई गेल्या, ताई. तांबडी तेवढी व्यायली होती. म्हटलं, एक तरी उभी राहू दे. वीस गठ्ठे अजून डोंगराच्या कपारीत आहेत."

"ते आण. चाळीस तुझ्या वाट्यातून जातील." मग ती सेव्जिदकडे वळली. "मी का आले, तुला कळलं होतं ना?"

"कळलं होतं. पण पातेल्यात दूध असताना दारी आलेल्याला काळा चहा कसा देऊ?" सेव्जिद हळूच म्हणाली. "रोज पहिली पळी आभाळाला वाहायची. त्यालाही चोरीचंच पाजत होते, ताई."

वाटणी झाली. मीग्मरने तांबडीला हाकत आणलं, मागे वासरू.

गोंचिगने आपल्या वाट्याचा पहिला गठ्ठा उचलला, दोरी सोडून तांबडीपुढे टाकला.

"बाबा, तुमच्या चार गाई?" यंजमाताईने विचारलं.

"त्यांनाही देतो. पण ही ओली बाळंतीण." त्याने तिच्या मानेवरून हात फिरवला. "आणि हिनं कुठं चोरी केलीय?"

यंजमाताईने वीट परत जागेवर बसवली.