चाळलेला आवाज

तिसऱ्या दिवशीही अ‍ॅम्प्लिफायरमधून कुकरची शिट्टी ऐकू आली, तेव्हा मंगेश शिगवणांनी सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं आणि डोळे मिटले. शिट्टी स्वयंपाकघरात झाली होती. ती बेंजोच्या अ‍ॅम्पला लावलेल्या हेडफोनमध्ये यायचं काहीच कारण नव्हतं. बेंजोला माइक नसतो, तारांखाली नुसता चुंबकाचा पिकअप असतो. आणि तो तर त्यांनी सकाळीच सोडवून ठेवला होता.

अर्थिंगच्या खड्ड्यात मीठपाणी ओतून झालं होतं. केबल बदलून झाली. फ्रिज, पंखे, शेजारचा इन्व्हर्टर, सगळं एकेक करून बंद करून पाहिलं. आवाज काही जाईना. चाळीस वर्षं मिरवणुकांत बेंजो वाजवला, गावभरचे स्पीकर दुरुस्त केले, आणि आता स्वतःच्याच घरात हात टेकायची वेळ आली होती.

त्यांना घाई होती. बेंजोच्या पंधरा जुन्या चाली रेकॉर्ड करायच्या आणि महिनाअखेर रत्नागिरीचा हा फ्लॅट सोडून गुहागरच्या घरी एकट्यानं राहायला जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. बायकोला, शुभांगीला, अजून सांगितलं नव्हतं. आठ महिने ते खोकत होते आणि तिनं एका शब्दानं विचारलं नव्हतं, त्याचाच हा राग होता. शिगवणांच्या घरात पुरुषानं आपण होऊन 'मला बरं नाही' म्हणायची पद्धत नाही. बायकोनं विचारायचं, आपण 'काही नाही' म्हणायचं, मग तिनं बडबडत काढा आणून समोर आपटायचा, हा रिवाज. तिनं विचारलंच नाही, त्यामुळे पुढचं सगळं अडून बसलं. डॉक्टरकडे जाणंसुद्धा.

शेवटी त्यांनी रेहाना मुकादमना बोलावलं. बाई जहाजांशी संपर्क ठेवणाऱ्या किनारी रेडिओ केंद्रातून निवृत्त झालेल्या. गुडघे दुखत होते, तीन जिने चढून आल्या होत्या, त्यामुळे पाणी पिऊन होईपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत.

"तुमचा अ‍ॅम्प बिघडलेला नाही," हेडफोन लावून दहा मिनिटं ऐकल्यावर त्या म्हणाल्या. "त्याचा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ झालाय. जवळपास जोरदार रेडिओ लहरी असल्या की असा ट्रान्झिस्टर त्यांतला आवाज सोलून काढतो. तुमची केबल म्हणजे आयती एरियल."

"ते मला कळलं, मॅडम. पण स्टेशन कुठलं? आमच्या कुकरची शिट्टी कोण प्रसारित करतंय?"

मुकादमबाईंनी पिशवीतून लहरींचा हातभर लांबीचा शोधक काढला आणि घरभर फिरवला. बेडरूमच्या कपाटावर तो किंचाळला. तिथं डब्याएवढी पांढरी पेटी होती.

"ही शुभाच्या कानाची," शिगवण म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी तिला ऐकू येईनासं झालं, तेव्हा कानात श्रवणरोपाचं यंत्र बसवलं, त्याची घरपेटी."

"मग झालंच की! कानामागचा माइक सगळे आवाज या पेटीला पाठवतो. पेटी ते चाळते आणि चाळलेला आवाज परत पाठवते. कानातली बॅटरी जास्त टिकावी म्हणून परतीचा आवाज साध्या जुन्या पद्धतीनं सोडतात. तोच तुम्हाला ऐकू येतोय. वहिनी जे ऐकतात, ते जसंच्या तसं." अ‍ॅम्पपाशी परत येऊन त्यांनी हेडफोन लावला आणि स्वयंपाकघराकडे हाक मारली. "वहिनी, जरा चमचा वाजवा बघू!"

"आता चमचा कशाला?" असं म्हणत शुभांगीनं ताटावर चमचा वाजवला. हेडफोनमध्ये आधी तिचा प्रश्न आला, मग चमचा. शिगवण हसले, आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. चांगली मिनिटभर टिकली.

मुकादमबाईंनी हेडफोन कानावर घट्ट दाबला. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"शिगवण, तुमचं हसू आलं. खोकला आला नाही."

"म्हणजे?"

"पेटीनं तो चाळून टाकला. ती पहिल्या काही महिन्यांत शिकते. कुठल्या आवाजानं माणसाची नाडी वाढते, मेंदूवर ताण येतो, ते मोजते आणि तो आवाज कायमचा गाळते. शेजारच्याचं ड्रिल मशीन, हॉर्न, असलं काही."

"आणि नवऱ्याचा खोकला," शिगवण म्हणाले. त्यांना फार वाईट वाटलं. "इतका वैताग होता तर तोंडावर सांगायचं होतं तिनं."

"वैताग कशावरून? पेटीला वैताग आणि काळजी यांतला फरक कळत नाही. तिच्या लेखी दोन्ही ताणच." बाईंनी थकून खुर्ची ओढली. "कान बसवला तेव्हा घरात कुणी आजारी होतं का?"

"दादा होता," शिगवण म्हणाले. त्यांचा हा थोरला भाऊ तेव्हा याच खोलीत होता. फुप्फुसं गेली होती. पाच महिने खोकला, आणि त्याचं सगळं शुभांगीनं केलं. रात्र रात्र उशाशी बसली. पेटीनं पहिला धडा तिथं गिरवला होता.

"शिकवण पुसता येईल," बाई म्हणाल्या, "पण परवानगी वहिनींची लागते. आधी त्यांना सांगा."

शिगवणांनी हेडफोनचा एक कप कानावर ठेवला आणि बायकोला बाहेर बोलावलं. ती पदराला हात पुसत आली.

"शुभा, मला आठ महिने खोकला आहे."

हेडफोनमध्ये त्यांचाच आवाज आला: 'शुभा, मला आठ महिने', मग पोकळी, मग 'आहे'.

"काय आहे आठ महिने?" तिनं विचारलं.

"खोकला! मला डॉक्टरकडे जायला हवं!"

हेडफोनमध्ये फक्त 'मला' आणि 'जायला हवं' उरलं. दादाच्या आजारात या घरात जे जे शब्द रोज बोलले गेले, ते सगळे पेटीनं गाळले होते.

"कुठं जायचंय? अहो, असं अर्धवट काय बोलता? आणि बरेच दिवस बघतेय, मध्येच तोंडावर रुमाल धरता नि बोलायचं थांबता. मला वाटलं, राग आलाय माझा."

शिगवणांनी सर्किटच्या कागदाची मागची बाजू घेतली आणि पेन्सिलीनं चार ओळी लिहिल्या: खोकला, डॉक्टर, पेटीची करामत. गुहागरचं काही लिहिलं नाही.

तिनं कागद एकदा वाचला, पुन्हा वाचला. मग ती रडायला लागली. साधंसुधं नाही, हंबरडा फोडून. मुकादमबाई उठून तिच्याजवळ गेल्या.

शिगवणांच्या उघड्या कानाला ते रडणं सहन होत नव्हतं. हेडफोनमध्ये मात्र पंखा फिरत होता, खाली कुणीतरी गाडी लावत होतं, आणि रडण्याचा मागमूस नव्हता. दादा गेला तेव्हा ती अशीच रडली असणार आणि पेटीनं तेही शिकून घेतलं असणार. आपण रडतोय हे तिला ऐकूच येत नव्हतं.

त्यांनी हेडफोन काढून तिच्या कानाला लावला आणि मग स्वतःवरच चिडले. त्यातून तिला काय ऐकू येणार होतं! ते तिच्या गालाकडे बोट दाखवत राहिले.

तिनं गालाला हात लावला, ओला हात पाहिला. मग मुकादमबाईंकडे वळून विचारलं, "मी रडतेय ना? मोठ्यानं?"

बाईंनी मान डोलावली.

शुभांगीनं कानामागची माइकची चकती उपटून टेबलावर ठेवली. आता ती ठार बहिरी होती. तिनं दोन्ही तळवे नवऱ्याच्या छातीवर पसरून टेकवले.

"खोका," ती म्हणाली, नको तेवढ्या मोठ्यानं.

शिगवण खोकले. हातांखाली छाती हलली तशी तिची नजर बदलत गेली.

"अजून एकदा," ती म्हणाली.