दौलतकाकांना शेवट नको होता

पुस्तकाचं नाव मी सांगणार नाही. सिनेमाचंही नाही. तुम्ही दोन्ही शोधत बसाल. माणसांची नावंही बदलली आहेत. बाकी यातलं काहीही माझ्या पदरचं नाही.

मागच्या फेब्रुवारीतला मंगळवार. डहाणूजवळचं आगर गाव. दुपार, टळटळीत ऊन.

घडलं ते माझ्या मामेबहिणीच्या बाबतीत. सोनलच्या.

सोनल तलासरीला शाळेत शिकवते आणि फावल्या वेळात एक चॅनल चालवते. गाजलेली कादंबरी घ्यायची, तिच्यावरचा सिनेमा घ्यायचा आणि कोणी कोणाची वाट लावली ते सांगायचं. सोनलला मत नाही असा विषय अजून जन्माला यायचाय. लग्नाच्या पंगतीत ती शेजारी बसली तर तुमचं वरण गार होईल, पण तिचं बोलणं थांबणार नाही.

त्या महिन्यात एक सिनेमा जोरात चालला होता. एक म्हातारा मुलाची बोट परत यायची वाट बघत रोज खाडीवर बसतो, अशी गोष्ट. मूळ कादंबरी आधीच घराघरांत पोचलेली. सोनलला कोणीतरी सांगितलं की आगरला दौलतकाका म्हणून एक गृहस्थ आहेत. चिकूच्या वाडीचे मालक, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. ती कादंबरी त्यांना तोंडपाठ आहे, पण सिनेमाचं नाव काढलं तरी उठून जातात.

सोनलने लगेच रजा टाकली.

काकांचा मुलगा उमेश वापीला नोकरी करतो. त्याने फोनवर होकार दिला.

"या ना ताई. बाबांना बोलायला आवडेल. फक्त शेवट सांगू नका."

"कसला शेवट?"

"कुठल्याच पुस्तकाचा..."

मग त्याने सगळं सांगितलं. आई गेल्यावर बाबांनी अन्न सोडलं होतं. डॉक्टर झाले, सलाईन झालं. शेवटी उमेशच्या बायकोने, निर्मलाने, युक्ती काढली. रोज तीन वाजता ती सासऱ्यांना कादंबरी वाचून दाखवायची आणि ऐन रंगात आली की थांबायची. पुढचं उद्या. पण आधी जेवायचं. म्हातारा उद्यासाठी जेवायला लागला. शेवटचं प्रकरण मात्र तिने कधीच वाचलं नाही. तिथे चिकूचं पान घालून पुस्तक मिटायची आणि दुसरं सुरू करायची.

"संपलं म्हटलं की बाबाही संपतील, असं म्हणायची ती," उमेश म्हणाला. "दोन वर्षं झाली तिला जाऊन. कावीळ झाली होती."

"मग आता कोण वाचतं?"



"बाबा जेवतात, ताई. मी विचारत नाही."

सोनल पोचली तेव्हा अडीच वाजले होते. स्वयंपाकाला येणारी, शेजारच्या गंजाड गावची गंगी चहा ठेवून निघायच्या घाईत होती. तिने तीन कप ठेवले. एक काकांपुढे, एक सोनलपुढे.

आणि एक... रिकाम्या खुर्चीपुढे.

"हा कोणाचा गं?" सोनलने विचारलं.

गंगीने काकांकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "रोजच ठेवावा लागं. ताय, तू पन तीनच्या आत नीघ."

आणि ती मागे न बघता गेली.

दौलतकाका छान बोलत होते. सोनलने फोन रेकॉर्डिंगला लावला. टेबलावर तीच कादंबरी होती, ती तिने मांडीवर घेतली. मध्ये खुणेला चिकूचं पान होतं.

पान हिरवंगार होतं. देठाचा पांढरा चीक तिच्या बोटाला लागला...

गंगीनेच घातलं असेल, असं म्हणून तिने पुस्तक मिटलं.

तीनला लाईट गेली. पंखा फिरता फिरता थांबला.

काकांनी बोट वर केलं. "बेस. आता गप हां पोरी. वेळ झाली."

बाहेर वाडीत एकही पाखरू ओरडत नव्हतं.

आणि मग...

पान उलटल्याचा आवाज आला.

पुस्तक सोनलच्या मांडीवर होतं. मिटलेलं. तिचे दोन्ही हात त्याच्यावर होते.

आवाज समोरच्या खुर्चीतून आला होता.

काका मान डोलावत होते. मध्येच स्वतःशी हसले. "आज सावकाश वाचतेय," ते म्हणाले.

पुन्हा एक पान उलटलं...

दुसरा कोणी असता तर पळाला असता. पण सोनल घाबरली की बोलत सुटते. लहानपणापासून तशीच.

"काका, तुम्हाला सिनेमा का नको?"

"दोन तासांत संपतो," काका म्हणाले. "गप ना, ऐकू दे."

"संपायलाच पाहिजे ना काका! शेवट नसला तर लेखकाने एवढं लिहिलं कशाला? आणि त्या सिनेमावाल्यांनी शेवटाचीच माती केलीय. मुलगा परत काय येतो, गावभर नाचतात काय!"

"सोनल..."

"कादंबरीत तो येतच नाही. बोटीच्या फळ्या किनाऱ्याला लागतात. म्हातारा त्या उचलून घरी आणतो. दुसऱ्या दिवशी तो खाडीवर जात नाही. बस. संपलं."

तोंडातून निघून गेलं.

समोरची खुर्ची मागे सरकली. लादीवर पाय घासल्याचा कर्कश आवाज आला. मग पावलं वाजली... स्वयंपाकघराकडे... मागच्या दाराकडे. दाराची कडी आतून लागलेली होती. ती हललीसुद्धा नाही.

पावलं मात्र थांबली.

"उठून गेली," काका म्हणाले. "मध्येच कधी उठली नव्हती."

सोनल रडायला लागली, हात जोडले. काकांनी चाचपत तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बरा आहे शेवट," ते म्हणाले. तो शांत आवाज तिला आजही झोपू देत नाही.

बुधवारी उमेशचा फोन आला. बाबा कालपासून जेवले नाहीत.

"ताई, तुम्ही काही बोललात का?"

"नाही," सोनल म्हणाली.

गुरुवारी सोनल एक नवी कोरी कादंबरी घेऊन आगरला गेली. घसा बसेपर्यंत वाचलं. ऐन रंगात थांबून पाहिलं. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"आवाज गोड आहे तुझा," ते म्हणाले. "पण पुढं काय होईल, असं आता वाटतच नाही गं."

रविवारी दुपारी ते गेले. ताट समोर होतं, हात लावलेला नव्हता.

तेराव्यानंतर सोनल माझ्याकडे आली. रेकॉर्डिंग पुसायचं होतं, पण एकटीने उघडायची हिंमत नव्हती. त्यामुळे पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलंय.

पंखा थांबतो. काका म्हणतात, आता गप. त्यानंतर एका बाईचा आवाज आहे. हळू, मऊ, एका लयीत. काहीतरी वाचतेय. शब्द लागत नाहीत.

मग सोनल बोलायला लागते. वाचणं थांबतं...

"नको ना..."

सोनल बोलतेच आहे. संपायलाच पाहिजे ना काका.

"ताई, नको..."

माती केलीय. नाचतात काय.

"पाया पडते, नका सांगू त्यांना..."

बस. संपलं.

पुढे पावलं नाहीत, खुर्चीही नाही. फक्त काकांचा शांत आवाज आणि सोनलचं रडणं.

मी रेकॉर्डिंग बंद केलं. सोनलने विचारलं, "तेव्हा मला हे ऐकू आलं असतं, तर मी थांबले असते ना रे?"

"हो," मी म्हणालो. पण मी तिला तीस वर्षं ओळखतो. ती आणखी मोठ्याने बोलली असती. माझ्या तोंडाकडे बघून तिलाही ते कळलं.

तिने तिच्या फोनवरून ते पुसलं. चॅनल बंद केलं. पण ऐकण्याआधी मी ते माझ्या फोनवर घेतलं होतं, ती प्रत माझ्याकडे राहिलीय.

परवा उमेशने कुठून तरी माझा नंबर मिळवून मेसेज केला. सोनलताई फोन उचलत नाहीत, त्यांनी बाबांचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं ना, पाठवता का? घरात कोणाचाच आवाज राहिला नाही, असं लिहिलंय त्याने.

त्याच्या बायकोचा आवाज माझ्या फोनमध्ये आहे. तो त्यालाच मिळायला हवा. पण ती कशासाठी गयावया करत होती, हेही त्याला कळेल.

दोन दिवस झाले. मी अजून उत्तर दिलेलं नाही.