चौथा डब्बा

रोशननं फाटक ढकललं अन् त्याच्या तोंडावर भुसा उडाला.

धानाचा भुसा. डोळ्यांत, केसांत, थोडासा तर तोंडातसुद्धा…

"अगं बाई!" समोर ओसरीत एक पोरगी हातात ब्लोअर घेऊन उभी होती. तिच्या पायाशी एक जुना कॉम्प्युटर पोट उघडं टाकून पडला होता. "सॉरी भाऊ, सॉरी! याच्यातला भुसा काढून राह्यली होती. तुमी आवाज तं द्याचा!"

"तोंड उघडलं होतं जी आवाज द्यालेच."

ती हसली. तोंडावर हात ठेवून वगैरे नाही… सरळ, खळखळून. रोशन डोळे चोळत होता, आणि ते हसू त्याला आधी ऐकूच आलं. दिसलं नंतर.

रोशन म्हणजे कुडवा गावातल्या मुन्नालाल केबलवाल्याचा मुलगा. कुणाच्या घरात कोणतं चॅनल चालतं ते त्याला पाठ. आज सकाळीच दुधरामजींच्या घरून फोन आला होता, आमचे चारही कनेक्शन बंद करा, केबलचे डब्बे घेऊन जा. मुन्नालालच्या हातातला चहा तसाच राहिला. "चारों? एक ही घर के? जा बेटा, देख के आ. अपनी क्या गलती हुई?"

म्हणून तो आला होता. गलती शोधायला.

"काऊन बंद करून राह्यले तुमी?" त्यानं विचारलं.

"हे पाहा." तिनं ब्लोअरनं कॉम्प्युटर दाखवला. तिचं नाव गुंजन. राइस मिलच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची. मिलवाले हा जुना डब्बा भंगारात देत होते, हिनं मागून आणला. व्हिडिओ पाहून पाहून शिकली अन् आता त्याचा सर्वर बनवत होती. "बाबाजवळ मंडईच्या जत्रेतल्या नाटकांच्या शूटिंगा आहेत, आईजवळ लग्नाच्या कॅसेटी. सगळं याच्यात टाकते. छतावर अँटेना लावते, फुकटचे चॅनल येतेत. अन् चारी टीव्हीवर ज्याले जे पाह्यजे ते. भांडन नाही, काही नाही."

"म्हंजे आमची गरज नाही."

"तसं नाही म्हटलं मी…" ती थांबली. जरा विचार केला. "हो. तसंच म्हटलं."

असं तोंडावर बोलणारी पोरगी रोशनला आवडायला नको होती. पण आता काय करणार!

तेवढ्यात गुंजनचे बाबा, दुधरामजी, बाहेर आले. लुंगी, स्वेटर, हातात रिमोट. "तू केबलवाला नं? हे सर्वर म्हंजे काय, मले समजावून दे बापा. ही दिवाळीपासून सांगून राह्यली, माह्या डोक्यात काई घुसत नाही."

रोशननं गुंजनकडे पाहिलं. ती दारूगोळा संपलेल्या शिपायासारखी उभी होती.

"काकाजी, गावचा तलाव समजा," तो म्हणाला. "हा डब्बा म्हंजे तलाव. तारा म्हंजे पाट. टीव्ही म्हंजे तुमच्या धानाच्या बांध्या. तलाव घरचाच असला तं पान्यासाठी कोनाच्या हातापाया पडा लागते का?"

दुधरामजींचा चेहरा उजळला. "अस्सं! मंग चांगलं आहे नं हे!"

"चांगलंच आहे जी."

म्हणजे झालं काय, तर गिऱ्हाईक परत आणायला गेलेला रोशन स्वतःच्याच धंद्यावर पाणी सोडून बसला. पण गुंजननं त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं… त्याला नुकसान काही जाणवलंच नाही.

"पन तारा कशा न्याल?" त्यानं विचारलं. "वायफायवर वरच्या खोलीत अटकून अटकून चालन."

"तेच तं. भिंती फोडू देत नाही बाबा."

"भिंती कायले फोडता? आमच्या केबलचे पाइप आहेत नं भिंतीतून. जुनी केबल ओढली की तिच्याच शेपटीले बांधून नवी तार आत येते." मग घसा खाकरून तो म्हणाला, "एका दिवशी एकच होईल पन. मी संध्याकाळी येत जाईन. एक तार घालतो, एक डब्बा नेतो."

"एका दिवशी एकच?"

"कठीन काम असते जी."

खरं तर चारही तारा दुपारी जेवणाआधी झाल्या असत्या.

*

पहिल्या दिवशी वरच्या खोलीतली तार. तिथं गुंजनची वहिनी राहायची, रिंकू. भाऊ नागपूरला नोकरीला. रोशन वर, गुंजन खाली. ती पाइपात तार सोडायची, तो ओढायचा.

"ढील द्या!" तो पाइपाला तोंड लावून ओरडला.

"देऊन राह्यली नं भाऊ!" पाइपातून तिचा आवाज आला. जवळून. अगदी कानात बोलल्यासारखा.

"एक सांगू का?"

"काय?"

"भाऊ नका म्हनू."

पाइप गप्प झाला. तार पण. मग खालून एक हलकासा झटका बसला. "मंग काय म्हनू? केबल?"

"चालते."

मागे खाटेवर बसलेल्या रिंकू वहिनीनं मटराची शेंग सोलता सोलता सगळं ऐकलं होतं. तिनं दाणा तोंडात टाकला अन् रोशनकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकखोलीजवळचा टीव्ही. तो सुशीलाबाईंचा, गुंजनच्या आईचा. तार अडकली, तर गुंजननं त्यावर भांडी घासायचा साबण चोळला. साबणानं तार सुळकन गेली अन् रोशन तिकडच्या टोकाला तोल जाऊन भांड्यांच्या पाटीवर बसला. सुशीलाबाईंनी त्याला चहा दिला, वर गरम अनरसा दिला. आपल्या लग्नाच्या कॅसेटमधली स्वतःची वारलेली मावशी टीव्हीवर दिसताच त्यांनी पदर डोळ्याला लावला. "अवो, जित्ती वाटते…" रोशन चहाचा कप धरून टीव्हीकडे पाहत राहिला. गुंजनही. एका खोलीत दोघं एवढा वेळ गप्प पहिल्यांदाच होते, आणि ते दोघांनाही चांगलं वाटलं.

घरी मुन्नालालनं टेबलावरचे दोन डब्बे पाहिले. "क्या रे, कुडवा में ही है न वो घर? के दूर बालाघाट में है?"

"पापा, पाइप जाम है उनके."

"पाइप जाम है के तू?"

तिसऱ्या दिवशी गुंजनच्या खोलीतली तार. रोशन दारातच थांबला, आत गेला नाही. तिनं आतून ओढली, त्यानं बाहेरून सोडली. बाहेर थंडी उतरत होती, मिलकडून उकडलेल्या धानाचा गोडसर वास येत होता. काम झालं. टीव्ही लागला. तो डब्बा पिशवीत टाकत होता तेव्हा ती म्हणाली,

"उद्या शेवटचा नं?"

"हो."

"मंग?"

त्याच्याकडे उत्तर होतं. तीन दिवसांपासून तयार होतं. पण तोंडाशी आलं अन्… पिशवीची चेनच नीट लागेना.

"मंग काही नाही," तो म्हणाला. "मंग तुमचं काम झालं."

"अच्छा," ती म्हणाली. एवढंच. अन् दार लावून घेतलं.

रस्ताभर रोशननं स्वतःला शिव्या घातल्या. मराठीत घातल्या, पुरल्या नाहीत म्हणून हिंदीत घातल्या. चौथा डब्बा एकदा घरातून निघाला की या फाटकात पाय ठेवायला त्याला कोणतंच निमित्त उरणार नव्हतं. मुन्नालालच्या मुलानं दुधरामजींच्या घरी काय म्हणून जायचं? केबल नाही, तर केबलवाला कशाला?

*

चौथ्या दिवशी बैठकीतला टीव्ही. दुधरामजी समोर खुर्ची टाकून बसलेले. गुंजन आज जास्त बोलतच नव्हती. "ओढा," "थांबा," "झालं." 'केबल' म्हणून चिडवणं नाही. खळखळून हसणं नाही.

तार आली. डब्बा निघाला. रोशननं तो हातात घेतला अन् उभा राहिला. आता बोल. आता नाही तर कधी…

"लावू का बाबा?" गुंजननं रिमोट दाबला.

पडदा उजळला. वर मोठ्या अक्षरात तिनंच लिहिलेलं होतं, *कोन पाहून राह्यला?* खाली गोल गोल चित्रं, घरच्यांची नावं. बाबा. आई. वहिनी. गुंजन.

आणि शेवटी, रोशन.

गुंजनच्या हातातला रिमोट तसाच राहिला. काल रात्री तिनं आपल्या खोलीतल्या टीव्हीवर ते नाव टाकलं होतं. फक्त पाहायला, कसं दिसतं ते. सकाळी काढून टाकीन म्हणून, ते राहूनच गेलं. सगळ्या घराचा सर्वर बनवणाऱ्या पोरीला रागाच्या भरात एवढंच आठवलं नाही, की तिच्या टीव्हीवर टाकलेलं नाव चारही टीव्हीवर जातं.

"हा रोशन कोन?" दुधरामजींनी चष्मा सरकवला.

"अवो गुंजन," स्वयंपाकखोलीतून सुशीलाबाईंची हाक आली, "माह्या टीव्हीत रोशन आला वो!"

"वरतीबी आला!" जिन्यावरून रिंकू वहिनी खिदळली. "माह्या खोलीत तं पहिल्याच दिवशी आला होता!"

गुंजनचे कान लाल झाले. तिनं मान खाली घातली. जी पोरगी तोंडावर बोलायची, तिच्या तोंडून एक अक्षर निघेना.

आणि तिला तसं पाहून रोशनचं अडकलेलं सगळं सुटलं.

"मी आहो काकाजी. रोशन." त्यानं डब्बा टेबलावर ठेवला. "एक खरं सांगतो. चारी तारा एकाच दिवसाचं काम होतं. चारी डब्बे एकाच पिशवीत मावले असते. मीच एकेक नेला."

"काऊन?"

"मले इथं याचं होतं."

"कायले?"

रोशननं गुंजनकडे पाहिलं. "हिच्यासाठी," तो म्हणाला. "गुंजन मले आवडते जी. तिले काय वाटते हे मले माहीत नव्हतं. आत्ता टीव्हीवर दिसलं."

जिन्यावर वहिनी, दारात पिठाच्या हातानं आई. दुधरामजी मुलीकडे वळले.

"गुंजन. आपन तं केबल बंद केली नं?"

तिनं मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, आवाजात नव्हतं.

"केबल बंद केली, बाबा," ती म्हणाली. "केबलवाला नाही."

दुधरामजींनी पडद्यावरचं ते नाव पुन्हा एकदा वाचलं. मग खुर्चीत मागे टेकले.

"बापाले सांगतलं का रे?"

"नाही जी."

"सांग मंग. बिचाऱ्याचे चार गिऱ्हाईक गेले, आता पोरगाबी चालला. येत्या इतवारी ये म्हन त्याले. बसू. बोलू." अन् रिमोट हातात घेत पुटपुटले, "आता माही नाटकं लाव वो कोनी…"

गुंजन फाटकापर्यंत आली. गल्लीत कुणाच्या तरी अंगणात धान वाळत होतं, त्यावरून वारा येत होता. दोघं उभे राहिले. ती पायानं माती उकरत होती, तो गाडीची चावी उगाच फिरवत होता.

"काल 'काम झालं' म्हनलास तू," ती म्हणाली. "राग आला होता मले."

"मले माह्याच आला होता."

"इतवारी शर्ट कोनता घालशीन?"

"कोनता घालू?"

"कोनताबी घाल." फाटकाची कडी लावताना ती हसली… तसंच, खळखळून. "शर्ट तं बाबा पाहातीन. मी तुलेच पाहीन."