वडील सिरियस आहेत

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर मी यापेक्षा बरी रचली असती.

घडलं ते माझ्या मावसभावाच्या, चिंच्याच्या बाबतीत. सीझनचा शेवटचा रविवार. दुपारचे पावणेचार. लख्ख ऊन. भूत रात्रीच भेटतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपापलं बघावं.

चिंच्या बीचवरच्या रिसॉर्टमध्ये चार दिवस लोळून परत निघाला होता. रिसॉर्टमागच्या माळावर एक धावपट्टी आहे. विमानतळ म्हणजे पत्र्याची एक खोली, एक बाक, एक पंखा आणि पोती मोजायचा काटा.

त्या काट्यावर माणसं मोजतात.

विमान आठ सीटचं. प्रत्येकानं बॅगेसकट काट्यावर उभं राहायचं. काउंटरवाला आकडा सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचणार आणि वहीत बेरीज करणार. चिंच्या ब्याण्णव भरला.

"बूट काढू का?"

"डोकं काढलंत तरी भागणार नाही," काउंटरवाला म्हणाला. "चाळीस किलो जास्त होतायत. एकानं थांबा. साडेचारची लाँच आहे. कोण थांबतंय?"

सगळे एकदम पंख्याकडे बघायला लागले. जणू पंखाच थांबणार होता.

चिंच्याला घाई कसली? संध्याकाळी सातला कटिंगची अपॉइंटमेंट. बस्स.

पण तोंडातून निघालं, "माझे वडील सिरियस आहेत हो."



बाकावरून एक बाई उठल्या. रिसॉर्टच्या लाँड्रीत कामाला होत्या. हातातल्या कापडी पिशवीसकट सत्तेचाळीस किलो.

"जाऊ दे त्याला. मी जाते लाँचनं." मग चिंच्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "घाबरू नको रे बाळा. घरचा नंबर दे. पोचले की चौकशी करते."

त्यानं दिला. खरा नंबर. कशाला दिला, हे तो आजही सांगू शकत नाही.

त्या बाई कुठे निघाल्या होत्या, कशासाठी, कोणीच विचारलं नाही.

कटिंग छान झाली.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. लाँच खाडीच्या तोंडाशी उलटली होती. सगळे वाचले...

एक बाई सोडून.

चिंच्या घरी कोणाला काही बोलला नाही. दोन दिवस जेवला नाही, एवढंच.

तिसऱ्या दिवशी काका, म्हणजे त्याचे वडील, वैतागून म्हणाले, "कोण रे ही बाई? रोज चारच्या ठोक्याला फोन करते. 'आता कसं वाटतंय?' म्हणते. मी म्हटलं, मला काय धाड भरलीये? तर म्हणते, पोरगं खोटं कशाला बोलेल?"

चिंच्यानं हातातला कप खाली ठेवला.

"मागे पाणी वाजत असतं," काका म्हणाले. "भांडी घासता घासता फोन करत असणार."

पाचव्या दिवशी काकांनी अंथरूण धरलं.

रक्त तपासलं. एक्सरे काढला. सगळं स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "रिपोर्टवर तुम्ही माझ्यापेक्षा फिट आहात." आणि फिट माणसाला चमचा उचलवत नव्हता.

सातव्या दिवशी चिंच्या स्वतः फोनजवळ जाऊन बसला. सगळं कबूल करायचं, पायावर डोकं ठेवायचं, असं ठरवून. फोनवरून पाय कसे धरतात, हा प्रश्न त्याला पडला होता.

चार वाजले...

फोन वाजला.

"काकू, मी..."

"वडील कसे आहेत रे बाळा?"

मागे पाणी. अगदी जवळ.

पाठ केलेलं सगळं बाजूलाच राहिलं. "बरे आहेत," तो म्हणाला. "एकदम ठणठणीत."

"चला, सुटले गं बाई मी!" आवाजात खरा आनंद होता. रागाचं नाव नाही.

आतल्या खोलीत पलंग करकरला. काका दारात येऊन उभे. "चहा टाका रे कोणीतरी. आणि खायला काय आहे?"

चिंच्याला रडू फुटलं.

"आता एकच सांग," फोनमधून आवाज आला. "माझ्या लेकीचे दिवस भरले होते. तिच्याकडेच निघाले होते मी. इथून काही दिसत नाही रे... काय झालं तिला?"

माहीत नाही. एवढेच दोन शब्द बोलायचे होते.

"मुलगा," चिंच्या म्हणाला.

"मुलगा! अगं बाई..."

फोन बंद झाला. नंतर आलाच नाही.

आठवडा बरा गेला. मग चिंच्यानं राहवेना म्हणून धावपट्टीच्या काउंटरवर फोन केला. लाँड्रीतल्या बाईंच्या लेकीचं काय झालं?

"मुलगी झाली," काउंटरवाला म्हणाला. "बाई गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी. गोड आहे हो. पण गेले आठ दिवस दूध घेत नाहीये म्हणे. डॉक्टरांना काहीच सापडत नाही..."

आठ दिवस.

मी त्याला म्हटलं, त्यांच्या घरी जा. तो म्हणाला, "जाऊन काय सांगू? आणि त्यांना सांगून काय? मुलगा झाला यावर विश्वास तर फोनवरच्या काकूंचा बसलाय."

आता तो रोज चारला फोनजवळ बसतो. वाजावा म्हणून.

परवा मीही होतो. चार वाजून गेले. त्यानं रिसीव्हर उचलला आणि माझ्यापुढे धरला. "पाणी ऐकू येतंय?"

मी नाही म्हटलं.

खरं सांगायचं तर मी कान लावलाच नव्हता.